दुसऱ्या बाजूचा शेवट

ब्रिडलिंग्टन, ९ सप्टेंबर

प्रिय डोरीन,

लंडनहून आलेलं ते जाड पाकीट अजून फोडलं नसशील तर राहू दे, आणि फोडलं असशील तर सही करू नकोस. आधी हे वाच. त्या कंपनीला आपल्या ‘स्लॅक वॉटर’च्या सगळ्या तबकड्या एका पेटीत घालून पुन्हा काढायच्या आहेत. रसेलच्या गाण्यांवर आता त्याची बहीण म्हणून तुझा एकटीचा हक्क, म्हणून त्यांना तुझी परवानगी हवी आहे. हो म्हणायचं की नाही, ते तुझं तू ठरव. पण मला ठाऊक असलेली एक गोष्ट तुला ठाऊक नसताना तू सही केलीस, तर ते मला सोसणार नाही.

सरळ मुद्द्यावर येणं मला कधी जमलं नाही, हे तू जाणतेसच. वर्गात कविता शिकवताना मी खिडकीबाहेरच्या ढगांत हरवायचो, आणि तुझा भाऊ मागच्या बाकावरून ओरडायचा, “सर, कवी मेलाय की जिवंत आहे तेवढं सांगा, बाकीचं आम्ही बघतो!” पण सगळ्यांत सुंदर म्हणायचाही तोच. त्याने पाठ केलेली कविता म्हणायला सुरुवात केली की अख्खा वर्ग चिडीचूप. त्या आवाजापायीच तर मी पुढे तबकड्या काढायला हेसल रोडच्या मासळीच्या दुकानावरची ती खोली घेतली. भरती संपते आणि ओहोटी लागायची असते, तेव्हा हंबर नदीचं पाणी क्षणभर कुठेच जात नाही, नुसतं थबकून राहतं. त्या थबकल्या पाण्याचं ‘स्लॅक वॉटर’ हे नाव मी सुचवलं तेव्हा रसेल म्हणाला, “म्हणजे आपल्यासारखंच की सर. कुठेच न जाणारं.” तू हातातला डिंकाचा ब्रश तसाच धरून हसत सुटली होतीस. पहिल्या हजार तबकड्यांची पाकिटं तू तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिकटवलीस. दुकानाच्या खोलीत ठेवल्यावर सगळ्यांना हॅडक माशाचा वास लागला. आता लीड्सचा एक संग्राहक पाकीट हुंगून अस्सल-नक्कल ठरवतो म्हणे!

गेल्या उन्हाळ्यात ओसाकाहून दोन पोरं आली होती. त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात, पण भिंतीवर आपल्या आठवणीची निळी पाटी आहे, तिच्यापुढे ती पोरं टोपी काढून उभी राहिली. एका मुलीने आपल्या पहिल्या पाकिटावरचा जहाजाचा वाकडा नांगर दंडावर गोंदवून घेतलाय. विद्यापीठातला एक जण आमच्यावर प्रबंध लिहितोय. त्याच्या मते आमचा उत्तरेच्या संगीतावर फार मोठा ठसा आहे. मी सगळ्यांना तेच चार विनोदी किस्से सांगतो. ते हसतात, चहा पितात, जातात. मग घर फार शांत होतं. परवा दुकानात मुरंब्याची बरणी निवडत उभा होतो, आणि वरच्या भोंग्यातून रसेल गायला लागला. तेवीस वर्षांचा. मी अठ्ठ्याहत्तरचा. बाजूची बाई गुणगुणत होती, बरणीवरची तारीख बघत होती. मी टोपली तिथेच ठेवून बाहेर आलो. दर वेळी वाटतं, हा गातो आहे आणि गाणं संपल्यावर माझ्याकडे वळून काहीतरी म्हणणार आहे.

आता चाचणीच्या तबकडीचं सांगतो. कारखाना हजारो तबकड्या काढण्याआधी दोन कोऱ्या पांढऱ्या लेबलांच्या तबकड्या काढायचा. एक आमच्याकडे पाठवायचा, एक स्वतःकडे ठेवायचा. सोबत एक चिठ्ठी यायची: दोष असेल तर लिहा, नसेल तर मंजूर करा. ते काम माझं. त्याची रीत मला मँचेस्टरच्या एका जुन्या जाणत्या माणसाने शिकवली होती. “गाणं ऐकायचं नाही, मास्तर. तबकडी ऐकायची. गाणं ऐकलंत की मेलात. कान गाण्यामागे जातो आणि खरखर निसटते.” मी ते धर्मासारखं पाळलं. हातात पेन्सिल घेऊन बसायचो. टकटक कुठे, घरघर कुठे, सुई कुठे दचकते. शब्द म्हणजे माझ्या लेखी नुसता आवाज. विचार कर डोरीन, आयुष्यभर पोरांना ‘शब्द नीट ऐका’ म्हणणारा मी!

रसेलच्या बँडची, ‘कोल्ड पँट्री’ची दुसरी तबकडी, मार्च त्र्याऐंशी. रसेल त्या हिवाळ्यात वाळला होता, हे मी पाहिलं होतं. त्याला विचारलं तर म्हणाला, “आहे ते बरं आहे सर. झोप तेवढी येत नाही.” मला वाटलं, कवीची जात. मला ते थोडं आवडलंसुद्धा, देवा मला क्षमा कर. त्या तबकडीची कारखान्याला द्यायची चिठ्ठी मी सोमवारी टपालात टाकली. त्यानंतर अकराव्या दिवशी त्याची सायकल पुलाखाली, हेसलच्या किनाऱ्यावर सापडली. साखळी लावून, नीट कुलूप घालून. पोलिसांनी आठ दिवस नदी ढवळली, आणि नदीने काहीच परत दिलं नाही.

सायकलला कुलूप आहे म्हणजे तो परत येणार, हे तू धरून बसलीस. तुझ्या माणसांना वाट बघणं कोणी शिकवावं लागत नाही. तुझे वडील बोटीसकट उत्तरेच्या बर्फात गेले आणि तुझ्या आईने आठ वर्षं रोज सहाला त्यांचं ताट मांडलं. तू आणि रसेल त्या भरल्या ताटासमोर बसून जेवलात. शहाऐंशीच्या मे महिन्यात पिअरसन पार्कच्या बाकावर मी तुला लग्नाचं विचारलं, तेव्हा तू माझा हात थोपटून म्हणालीस, “तू चांगला आहेस रे विल्फ. पण मी घर सोडलं आणि तो आला, तर?” त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी स्वतःला समजावलं, आत्ता बोललो तर तुला मिळवण्यासाठी बोललो असं होईल. फार उदात्त वाटलं मला ते. खरं कारण साधं होतं: तू पुन्हा माझं तोंड पाहिलं नसतंस. मग वर्षं गेली, पाटी लागली, आणि सांगणं दर वर्षी अधिक अवघड होत गेलं.

गेल्या मंगळवारी कंपनीतल्या इमोजेनचा फोन आला. गोड पोर आहे, बोलते झऱ्यासारखी. “विल्फ, तुम्ही बसलायत ना? आधी बसा! कारखान्याकडची ती पांढरी तबकडी मिळाली, एका म्हाताऱ्या कामगाराच्या माळ्यावर! आणि शेवटी काय आहे माहितेय? तो बोलतो! गाणं संपल्यावर! चाहते वेडे होतील हो, आपण पेटीत ते स्वतंत्र घालू!” मी म्हणालो, थांब. म्हणाली, “तुम्ही रडताय का?” मी फोन ठेवला. नंतर पुन्हा केला, आणि तुझा शब्द आल्याशिवाय कोणालाही ऐकवायचं नाही असं वचन घेतलं. पण असल्या गोष्टी फार दिवस झाकून राहत नाहीत. ते तू रेडिओवर, भांडी घासता घासता ऐकावंस, असं मला नको आहे.

म्हणून हे पत्र. शेवटचं गाणं संपतं, गिटार विरत जाते, आणि रसेल माइकपासून जरा दूर, दमलेल्या आवाजात म्हणतो, “आमच्या डोरीनला सांगा, आईसारखी वाट बघत बसू नको.” मी ते तीनदा ऐकलं होतं. चिठ्ठीवर लिहिलं: ‘दुसरी बाजू, शेवटी फालतू कुजबुज. काढून टाका.’ त्यांनी काढली. आणि मूळ फितीवर आम्ही पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाचं गाणं घेतलं. सायकल सापडली त्या संध्याकाळी मला ते शब्द, शब्द म्हणून, पहिल्यांदा ऐकू आले. अकरा दिवस माझ्या हातात होते, डोरीन. आणि त्यानंतरची बेचाळीस वर्षं तुझी होती. तीही मीच घेतली. क्षमा मागत नाही, तेवढी लाज शिल्लक आहे. आमच्याकडची तबकडी माझ्या कपाटात आहे. टपालाने पाठवायला धीर होत नाही, रविवारी दुपारच्या गाडीने घेऊन येतो. आत घेऊ नकोस, मी फाटकाशी थांबेन. तू एकटीच लाव. गाणं संपलं की सुई उचलायला हात जाईल, आपल्या सगळ्यांचाच जातो. उचलू नकोस.

कसाही असलो तरी तुझाच,
विल्फ