सातव्या रकान्यातलं पाणी

२७ मार्च १९८६, गुरुवार. उदगीर.

तलावांची यादी शेवटी माझ्याच गळ्यात पडली!

लातूरच्या कलेक्टर कचेरीतून अमृतराव साहेब आले होते. प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. जिल्हा होऊन चार वर्षं होत आली, अजून स्वतःची माहितीपुस्तिका नाही. उस्मानाबादच्या जुन्या पुस्तकात आपले तलाव अर्ध्या पानात उरकलेले. 'तुम्ही मराठीचे. दोन वाक्यं नीट लिहाल. सुट्टी लागतेच आहे.'

तिरू, लेंडी, मन्याड. या नद्यांच्या अंगाने असलेले तलाव, डोह, पाणथळ जागा. प्रत्येक जागेवर दोन वाक्यं आणि एक छापील तक्ता. नऊ रकाने. सातवा असा — 'उन्हाळ्यात पाणी राहते काय? होय / नाही.'

'होय' लिहिलं की तिथे इंजिन बसणार. पाणी टँकरने उदगीरला. माहितीपुस्तिका आणि टंचाई, दोन्ही एकाच कागदात. साहेब या युक्तीवर खूष होते.

आज नळ आला. आठव्या दिवशी.

२९ मार्च.

वाटाड्या मिळाला — मलप्पा. पाटबंधाऱ्याचे निवृत्त पाटकरी. तीस वर्षं कालव्यांना पाणी सोडलं, बंद केलं. कपाळावर विभूती, खिशात जांभळी कॉपिंग पेन्सिल आणि छोटी वही. नोकरी संपली तरी दिसेल त्या तलावाची पातळी लिहून ठेवतात.

'कशासाठी?' मी विचारलं.

'तुमी कविता शिकवता ते कशासाठी?' म्हणाले.

३० मार्च, रविवार.

बोरहिप्परग्याचा तलाव. म्हणजे माझंच गाव. यादीत अकरावा. मलप्पा म्हणाले, 'पहिला तुमचा करू. घरचं आधी.'

मी शिकायला औरंगाबादला गेलो, त्यानंतर चार वर्षांनी हा तलाव झाला. बाबांचं दोन एकर आणि त्यातली विहीर पाण्याखाली गेली. बाबा पुन्हा त्या बाजूला फिरकले नाहीत. मीही नाही. वर्षातून एकदा, चौदा एप्रिलला, बस्तीत जातो आणि परत येतो.

आज पहिल्यांदा बांधावर चढलो. पाणी नाही! भेगाळलेला गाळ, शिंपले, कडेला बेशरमीची झुडपं. पाण्याची उंची मोजायचा आकड्यांचा दगड उघडा पडलेला — मलप्पांनी त्यावर सवयीने हात फिरवला. मधोमध मात्र अंगणाएवढं गोल पाणी. भोवती पाणकणीस. शेकाटे नऊ, टिबुकल्या दोन, हळदीकुंकू बदकं चार.

'लांबटांग्या,' मलप्पा शेकाट्यांकडे बघून म्हणाले. 'पाणी जसं सरकतंय तसे पाय वाढतेत त्यांचे.'

काठावर दगडांची रांग. एकतीस मोजले. घागर सोडून कामाला जाता येत नाही, चोरीला जाते. म्हणून बस्तीतल्या बाया नंबरासाठी दगड ठेवतात. प्रत्येकीचा दगड ओळखीचा. कुणी दुसरीचा सरकवत नाही. फुटक्या जात्याचा तुकडा अक्काचा.

अक्का तिथेच होती. माझी थोरली बहीण चांगुणा. नवरा गेल्यावर बाबांच्या घरी परत आली ती आलीच. नरोटीने घागर भरत होती. उठली नाही.

'आलास? पाणी घिऊनच चल मंग, च्या करते.' मग वहीकडे बघून — 'काय लिवून राहिलास?'

सांगितलं. सातव्या रकान्याचंही सांगितलं.

नरोटी थांबली.

'न्हाई लिव.'

'अक्का, समोर पाणी दिसतंय.'

'समोर तर म्याबी दिसते. मला लिवतोस का कुठं?'

मलप्पा पलीकडे तोंड करून पातळी लिहीत राहिले.

बस्तीत चाळीस घरं. गावच्या विहिरीवर एके काळी येऊ देत नव्हते. आता येऊ देतात, पण तीच पौषात आटली. हे पाणी गेलं तर पुढचं तीन मैलांवर.

माझी दोन वाक्यं झाली : 'गाळाच्या पसाऱ्यात एकच गोल पाणी आहे. ते वैशाखातही हटत नाही, असे बाया सांगतात.' चांगली झाली आहेत. रकाना रिकामा ठेवला.

३ एप्रिल.

मन्याडच्या अंगाने. नायगावच्या एस.टी.तून मध्येच उतरून चाललो. तलावाचा बांध नांदेड जिल्ह्यात, पोट लातुरात. बगळे तेवीस.

'यांना कोणत्या जिल्ह्यात घालता?' — मलप्पा.

'उभे आहेत तिथे.'

'उडाले तर?'

सातवा रकाना : नाही. सोपं होतं. पाणी खरंच नव्हतं.

९ एप्रिल.

जळकोटच्या अलीकडचा तलाव. पोटात टरबुजाचे वेल! हिरवेगार. मलप्पांनी समजावलं : तलाव आटला की उघडी पडलेली गाळाची जमीन सरकार पाऊस येईपर्यंत कसायला देतं. तिला गाळपेर म्हणतात. ज्यांच्या जमिनी तलावात बुडाल्या त्यांचा हक्क पहिला.

'सगळ्याच तलावांत?'

'न्हाई. तुमच्या सातव्यात "होय" असंल तिथं न्हाई. पाणी राखून ठेवायचं असतंय ना.'

वेल राखणाऱ्या माणसाने टरबूज कापून दिलं. गाळाचा वास होता. गोड होतं.

१४ एप्रिल, सोमवार. बोरहिप्परगा.

जयंती. निळे झेंडे, वंदना, मग माझं भाषण. चवदार तळ्याचं बोललो. दरवर्षी बोलतो. यंदा मध्येच अडखळलो. पुढचं वाक्य आठवत होतं, उच्चारता येईना. लोकांना वाटलं गळा भरून आला. टाळ्या!

जेवताना अक्का हळूच म्हणाली, 'तळ्याचं लई झ्याक बोललास. आता रकान्याचं बोल.'

१५ एप्रिल.

पहाटे पाण्यावर गेलो. दगड चौतीस. तीन नवे. बदकं गेली. टिबुकल्या आहेत.

२१ एप्रिल.

झालेले तक्ते तहसीलमध्ये दिले. बोरहिप्परगा, रकाना सात : नाही.

दोन वाक्यांतलं दुसरं खोडलं.

वर्गात वीस वर्षं सांगतो आहे — जे समोर आहे तेवढंच लिहा.

२९ एप्रिल.

नळ बाराव्या दिवशी. शेजारच्या दानम्मा — किराणा दुकानवाल्यांच्या, सत्तरीच्या — पायरीवर घागर घेऊन बसल्या होत्या. मी तलाव हिंडतो हे गल्लीला माहीत आहे.

'सर, एवढी तळी बघून राहिलात, एखादं तरी वढून आणा की इकडं!'

हसलो. माझी अर्धी बादली त्यांना दिली. नको म्हणाल्या, मग घेतली. या घरात पूर्वी आमच्या हातचं पाणी चाललं नसतं. हे दोघांनाही आठवलं असणार.

६ मे.

आणखी सहा तलाव झाले. सहाही कोरडे. लिहिण्यासारखं काही नाही. टिटव्या.

११ मे, रविवार.

बोरहिप्परग्याला परत. तसं कारण नव्हतं. मलप्पा म्हणाले, चला.

पाणी आणखी दोन हात उतरलं आहे. पाणकणीस आडवं झालं आहे. आणि पाण्याच्या कडेने दगड दिसतो — घडीव, वाकत गेलेला. मी चिखलात उतरून हाताने गाळ काढला. दुसरा दगड. तिसरा. पुरी गोलाई.

झरा नाही. डबकं नाही. विहीर!

एका दगडात खोबण. मोटेचं लाकूड बसवायची. लहानपणी मी त्यात पाय घालून बसायचो, बाबा ओरडायचे. पाय घालून पाहिला. आता मावत नाही.

मलप्पा वर उभे. चेहऱ्यावर आश्चर्य नाही.

१२ मे. बोरहिप्परगा.

अक्काला विचारलं, 'तुला ठाऊक होतं?'

'हीर खणताना दोर म्या धरला व्हता बापाचा. दोन उन्हाळे. आई पाटी वढायची. तू शाळेत.'

बहात्तरच्या दुष्काळातही तिनेच जागा दाखवली होती बस्तीला. तेव्हा मी दूर नोकरीला. तलावाच्या पोटात सगळं सपाट, खूणगाठ नाही. ती बांधावरच्या कडुलिंबापासून पावलं मोजत गेली आणि म्हणाली, हितं उकरा.

'मला का नाही सांगितलंस?'

'सांगितलं असतं तर तू दोन वाक्यं लिवला असतास.'

मग म्हणालो, 'ते ठीक. पण खोटं माझ्या हातून लिहून घेतलंस.'

तिने भाकरी उलटली. 'वही तुजी हाय, रामा. माजा कागद येगळा.'

कसला कागद, कळलं नाही. रेशनकार्डाचं म्हणत असेल.

१६ मे.

झोप नीट नाही. विहीर आपली आहे म्हणून 'नाही' जास्त खरं होत नाही. उलट.

१९ मे.

नळ नाही. सोळावा दिवस.

२१ मे.

दानम्मा टँकरच्या रांगेत चक्कर येऊन पडल्या. मनगट मोडलं. घागर फुटली नाही, पितळेची. मुलगा सांगत होता, शुद्धीवर आल्यावर आधी घागर विचारली.

बोरहिप्परग्याच्या विहिरीतून रोज दोन टँकर निघतील, असा माझा अंदाज. किती दिवस, ते सांगता येत नाही. मग बस्तीला काय?

दोन टँकर. चाळीस घरं. दोन्हीकडे माणसंच. मी इथे राहतो आणि तिथला आहे.

२३ मे.

बुद्धपौर्णिमा. पंचशील म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला ओठ हलले, आवाज आला नाही.

२४ मे.

दुरुस्तीचा कागद लिहिला. 'बोरहिप्परगा, रकाना सातमध्ये "नाही"ऐवजी "होय" वाचावे. चूक माझी आहे.' बस्तीसाठी काही पाणी राखून ठेवावं, अशी विनंती खाली जोडली. विनंतीला रकाना नाही, हे माहीत आहे.

अक्काला कळवलं नाही. कळवायला हवं होतं. भ्यालो.

२६ मे, सोमवार.

तहसीलमध्ये गेलो. टेबलावर मन्मथ — माझाच जुना विद्यार्थी, आता कारकून. खुर्ची दिली.

'बोरहिप्परगा? ते गाळपेरीला गेलं की, सर. तुमच्या "नाही"वरच तर मंजूर झालं. मधला तुकडा पाऊस पडेपर्यंत एका बाईच्या नावावर आहे, चाऱ्यासाठी. तिथं आता इंजिन बसत नाही.' फाईल माझ्यापुढे सरकवली.

अर्जदार : चांगुणा ग्यानोबा. खाली सही. अंगठा नाही. तारीख ११ मार्च — साहेब माझ्याकडे आले त्याच्या सोळा दिवस आधीची. अक्षर मलप्पांच्या जांभळ्या कॉपिंग पेन्सिलचं.

'पूर्ण वाचलास का हा?' मी विचारलं.

'एवढं कोण वाचतं, सर! आम्ही रकाना बघतो.'

माझा कागद खिशातच राहिला. अक्काचा पुन्हा वाचला. जमिनीचे वर्णन : 'या तुकड्यात माझे वडील ग्यानोबा यांनी खणलेली विहीर आहे. तिला पाणी आहे.'

दोनच वाक्यं.