गालातले छर्रे

आप्पा, तुमची बंदूक पोलिसांनी परत दिलीच नाही. निवडणुकीला जमा केली ती केलीच. आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक, परवाना उसातल्या रानडुकरांसाठी, आणि तुम्ही मारायचात नदीवरची बदकं. आपल्या राहू गावाला थंडीत बदकं उतरली की तुमचा पाय घरात ठरत नसे. वनखात्याचा गार्ड दारात येऊन म्हणाला होता, "आप्पा, बदक मारलं तर आत जाल. कायदा हाय." तुम्ही हसलात. "सरकारला बदकाची काळजी. आमची कोन करतंय?"

खरं बोललात, आणि तेच मला सहन होत नाही. शिरूरच्या गॅरेजमधून जुन्या बॅटऱ्यांचं शिसं आणायचात, चुलीवर वितळवून छर्रे पाडायला चाळणीतून पाण्यात सोडायचात. आई ओरडते, "सैपाकाची चूल हाय ती!" तुम्ही म्हणता, "शिसं गंजत न्हाई. माणसाला काय करतंय?" आणि माझी धाकटी बहीण, जेमतेम बोलू लागलेली, पाण्यातले गार छर्रे वेचून गालात धरते, कारण तुम्ही धरायचात. बार भरताना हात मोकळे राहावेत म्हणून छर्रे गालात, ही तुमची पद्धत. तिचा फुगलेला गाल बघून आपण सगळे हसलो. "वाघीण हाय माझी," म्हणालात.

तिचं बोलणं तिथंच अडलं. शाळेत अक्षर डोक्यात राहीना, पोट सारखं दुखायचं. तुम्ही देवऋष्याकडं नेलंत, अंगारा लावलात. तुम्ही गेल्यावर तर ती छर्ऱ्यांची डबी उशाशी घेऊन झोपायची. पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून विचारलं, "घरात शिशाचं काम होतं का?" मी हो म्हणाले. शिसं अंगात भिनलंय, फार उशीर झालाय, म्हणाले. बदकासाठी कायदा होता, आप्पा. आपल्या चुलीसाठी कुणी साधी ताकीदही दिली नाही.

आता ती मोठी बाई झालीय, वेणी मीच घालते. बदकं उतरली की नदीकडं बोट दाखवते, "आप्पा कवा?" मी तिच्या हातावर ज्वारीचे दाणे ठेवते. ते गालात धरून ती काठावर बसून राहते. हे असंच चालणार, माझ्यामागं तिचं कोण करील ते मला ठाऊक नाही.

डबी मी काढून घेतली, पण टाकू कुठं? नदीत टाकली तर बदकं खडे समजून गिळतील, पुरली तर ही उकरून काढील. म्हणून कपाटात, कुलपात आहे. खरं सांगू का, जागा सापडली असती तरी माझ्यानं टाकवली नसती. तुमच्या हातचं घरात आता तेवढंच आहे.