झुलालच्या बंदुकीत राहिलेली चिंधी

मी, शेख रहीम शेख चांद, वय ७६, शिक्षण सहावी, धंदा परवान्यावर बंदूक दुरुस्ती व सफाई, राहणार अमळनेर. डोके ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही. मृत्युपत्राचा हा कागद दोनदा वाचून घेतला आहे, सहीपूर्वी पुन्हा वाचेन.

१. घर व दुकान यांचे वाटे मुलगा नईम आणि सावद्याला दिलेली मुलगी सबीहा यांच्यात शरियतप्रमाणे पडतील. नईम, तू बहिणीला टाळशील असे नाही, पण लिहिलेले बरे.

२. दुकानात लोकांच्या चार बंदुका आहेत. मी गेलो की त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी. दफनाला तासभर उशीर झाला तरी चालेल. कोणी सायलेन्सर साफ करायला आणला तर हात लावू नये, तो बाळगणेच गुन्हा आहे. मागे एक जण आला होता. "चाचा, फक्त आतली काजळी काढा." मी शटर ओढले आणि दोन दिवस उघडले नाही.

३. नळी साफ करायचे गज, तारेचे ब्रश व तेलाचे डबे धुळ्याच्या लोटन लेथवाल्याला. अट एकच. बंदूक परत देताना गज नळीत तळापर्यंत घालून खूण करावी व बाहेरून लावून मोजावे. नळीत काही अडकले असेल तर गज कमी जातो, नुसते डोळ्यांनी बघू नये.

४. शेजारी नवलच्या पन्हळीचे पाणी अकरा वर्षे माझ्या दुकानात पडते. माफ केलेले नाही.

५. निवडणुकीत बंदुका ठाण्यात जमा होतात. गंज चढू नये म्हणून मी नळीत तेलाची चिंधी ठासतो आणि घोड्याला लाल दोरा बांधतो. दोरा दिसला की चिंधी काढायची. २०१९ साली दोरा संपला होता. माझे जुने गिऱ्हाईक झुलाल पाटील याच्या ठासणीच्या बंदुकीला मी तो बांधला नाही. परत आल्यावर वरून पुसली आणि दिली. त्याच्या मक्यात रानडुकरे आली, त्याने बार काढला, नळी त्याच्या हातात फुटली. पोलिसांनी फुटकी नळी मला तपासायला दिली, तिच्यात माझी चिंधी होती. मी ती खिशात घातली आणि पोलिसांना सांगितले, "पिऊन बंदुकीत दारू जास्त ठासली असेल." त्याचा परवाना गेला. झुलाल पीत नाही.

६. वरील कारणाने शरियतप्रमाणे मर्जीने देता येतो तो तिसरा हिस्सा झुलालला लिहिला होता. वकीलबाई हेमलता यांच्याकडे त्याला बोलावून कलम ५ वाचून दाखवले.  तो म्हणाला, "माले जागा नको चाचा. गाव आज बी माले दारुड्या म्हनस. तुम्ही मरशात तवय हाई वाचतीन, तोवर मी काय करू?"

 हिश्श्याचे कलम काढले आहे. हे मृत्युपत्र बंद पाकिटात राहणार नाही. एक प्रत आज झुलालला दिली. एक पोलीस ठाण्यात मी स्वतः देईन. सोमवारी त्याच्या गावच्या ग्रामसभेत कलम ५ मी उभा राहून वाचेन. नईम म्हणतो, "अब्बा, अटक होईल." होईल.

ठिकाण अमळनेर, दि. १७ जानेवारी २०२५

सही: शेख रहीम शेख चांद

साक्षीदार
१. नवल हिरामण चौधरी (सही)
२. झुलाल दगा पाटील. डावा अंगठा नसल्याने उजव्याचा ठसा घेतला.