घोटा, गुडघा, कंबर

पुणतांबा,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप दादांना आरतीचा वाकून नमस्कार.

तुम्ही दिवाळीपासून देवळाली प्रवऱ्याला रतनआत्याकडे आहात आणि माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र कट करता येत नाही. आत्याला वाचायला देऊ नका, संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीला पाठ होईल. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक आहे.

ठीक म्हणजे, मी वाळूत आहे.

ऑफिसने मला आपल्याच गावची नदी मोजायला पाठवलंय. घाटापासून खाली चार किलोमीटर पात्राची खोली मोजून नकाशा करायचा. सोमवारी वरच्या धरणातून पाणी सुटणार, त्याआधी काम संपलं पाहिजे. सोबत फायबरची होडी, खोली मोजायचं यंत्र आणि ते चालवणारा अंगद. हे पत्र त्यानेच आणून दिलंय. तो मिरजगावचा, एवढं पाणी त्याने फक्त टँकरमध्ये पाहिलेलं. घोटाभर पाण्यातही लाइफ जॅकेट घालून असतो, जेवतानासुद्धा काढत नाही. जीपमध्येही घालून आला असेल तर हसू नका.

पहिल्या दिवशी मी गेल्या वर्षीचा नकाशा समोर धरून घाटाच्या बाजूने होडी घातली, कारण नकाशात खोल धार तिथे होती. पुरानंतर गंगामाईने धार पलीकडच्या काठाला नेली, हे नकाशाला कोणी कळवलं नव्हतं. पन्नास पावलांवर होडी रुतली. उतरून ढकलली, आम्ही बसलो, ती पुन्हा रुतली. दिवसभरात होडीने आम्हाला नेलं त्यापेक्षा आम्हीच तिला जास्त नेलं. इतक्या उथळ पाण्यात यंत्रालाही काही कळत नाही. एकदा त्याने बारा मीटर खोली दाखवली. अंगदने डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेतलं. शेजारी म्हैस बसलेली होती आणि तिची निम्मी पाठ कोरडी होती.

छबूबाई घाटावर धुणं धूत होत्या. आमची गंमत संपेना म्हणून त्यांनी धुतलेले कपडे पुन्हा धुवायला घेतले. शेवटी म्हणाल्या, "आरते, तुझा बाप रोज आदी बांबू टाकून गंगंला इचारायचा, मंगच हुडी सोडायचा. तू कुनाला इचारलं?"

मी नकाशात तोंड घातलं.

पहिल्या फेरीआधी तुम्ही एकटेच बांबू घेऊन पाण्यात शिरायचा. घोटा, गुडघा, कंबर. कंबर लागली की तिथे बाभळीची फांदी खोवायची, तीच त्या दिवसाची वाट. मी दप्तर घेऊन काठावर उभी असायचे आणि वर्गातल्या मुली दिसल्या की तोंड फिरवायचे. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून गेलं.

काल मी माळ्यावरून तुमचा बांबू काढला आणि तसंच करून पाहिलं. शंभर पावलं छान जमलं. मग कंबर आली आणि कंबरेनंतर एकदम हनुवटीच आली. अंगदने स्वतःचं जॅकेट काढून माझ्याकडे फेकलं. त्याच्या हिशेबाने त्याने प्राणच दिला.

कपडे वाळायच्या आत मी हायवेवरच्या त्या हॉटेलात गेले. दादा, खरं ते लिहिते. तुम्ही भाऊबीजेला आत्याकडे गेलात तेव्हा तुमची होडी मी त्या हॉटेलवाल्यांना देऊन टाकली, तुम्हाला न विचारता. पूल झाल्यापासून तिच्यात कोणी बसत नाही, तुमचाही आता तोल जातो, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते निम्मंच खरं होतं. नव्या घरासमोर ती मला नको होती. लोक विचारतील वडील काय करायचे, याची मला लाज वाटायची. चुकलं माझं.

हॉटेलात आपल्या होडीत बर्फ पसरून वर काकडी, मुळा, कोशिंबीर मांडली होती. तुमच्या बसायच्या फळीवरून एक माणूस बीट उचलत होता. मी आधी मालकाशी भांडले, मग रडले. भांडणाने काही झालं नाही, रडण्याने झालं. टेम्पोत घालून होडी आणली, घाटावर पालथी घातली आहे. तिला अजून मुळ्याचा वास येतो.

एक वाईट बातमी आहे. बर्फाचं पाणी निघून जावं म्हणून त्यांनी तळाला भोक पाडलंय, अंगठ्याएवढं. कल्याण सुतार बुजवायला आला होता. मी त्याला हात लावू दिला नाही.

तुमच्यावाचून काम अडलंय आणि फायबरच्या होडीत तुम्ही पाय ठेवणार नाही, हे मला माहीत आहे. काम अडलं नसतं तरी हे पत्र लिहिलं असतं, असं म्हणायला आवडलं असतं. बहुतेक नसतं लिहिलं. नकाशाखाली 'मोजणी करणार' अशी एक रिकामी जागा असते. तिथे मी लिहून ठेवलंय: गहिनीनाथ, नावाडी, पुणतांबा. पेनाने लिहिलंय, खोडता येणार नाही.

अंगद बाहेर जीपमध्ये थांबलाय. तुम्हाला घेतल्याशिवाय परत यायचं नाही असं त्याला बजावलंय, आणि आत्याच्या हातचं खाऊन तो तिथेच राहील अशी मला भीती आहे. भोक बुजवायला डांबर आणि कापूस मी आणून ठेवलाय.

तोवर भोकावर अंगठा ठेवून बसलेली,
तुमची
आरती