बायकांच्या बाल्कनीची जाळी

३ नोव्हेंबर

जिंकले! नाट्यगृहाच्या समितीनं अखेर मान तुकवली. वरच्या बायकांच्या बाल्कनीची लाकडी जाळी राहणार. आर्किटेक्टबाईंना ती काढायचीच होती. "मॅडम, आता कोण बसणार हो जाळीमागे?" म्हटलं, जुनी इमारत दुरुस्त करताय ना, मग तिचा चेहरा कशाला बदलता? सिस्टरांच्या शाळेत हळू बोलायला शिकले, आज ते सगळं गुंडाळून ठेवलं आणि टेबलावर हात आपटला!

५ नोव्हेंबर

सगळीकडे भुसा. खुर्च्यांची पोटं फाडून जुना काथ्या बाहेर काढलाय. वास मात्र तोच — लाकूड, धूळ, थोडी पावडर. उगाचच बसून राहिले.

९ नोव्हेंबर

सुतारानं जाळी दुरुस्तीला उतरवली. भोकं एकसारखी हवीत, पण बहुतेकांच्या कडा कोरून रुंद केलेल्या!

"केसांच्या आकड्यानं कोरलंय, बाई. एकीचं काम नाही हे. बुजवू?"

"हात लावू नका!"

काय एकेक खोडकर पोरी असतील. घरी येईपर्यंत हसत होते.

१० नोव्हेंबर

पाठ धरली. घरीच.

१२ नोव्हेंबर

ताईला दाखवायला नेलं. गुडघ्यांना शिव्या देत जिना चढली. उतरवून भिंतीला टेकवलेली जाळी पाहिली नि थबकली.

"ही परत लावणार? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझ्या."

"तरीच! तुला काय गं, तू आईच्या मांडीवर, भोकाला डोळा लावून. आम्ही मागे माना वाकड्या करून. आणि आईच्या समोर तुझं डोकं! आकडा काढून शेजारचं भोक कोरत बसायची बिचारी. शेवटी घरी आल्यावर तुलाच विचारायची — मग राणीचं काय झालं?"

म्हटलं, मला वाटायचं, माझं सांगणं तिला आवडतं.

"आवडायचंच की. रडतेस काय, वेडे? चल, चहा पाज."

१३ नोव्हेंबर

आर्किटेक्टबाईंना फोन केला. जाळी परत लावू नका म्हटलं. पलीकडून, "मॅडम... तुम्हीच बोलताय ना?"

दुपारी वर जाऊन आईच्या जागी बसले. रंगमंचावर सुतार पाय पसरून डबा खात होता. डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत दिसला!