'हळूहळू'च्या पुढे

बाई, परवा रविवारी मी पळसदरीला एका बँडचं गाणं ऐकायला गेलो होतो. बँड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लाल कोट आणि लग्नाची वरात येईल, म्हणून आधीच सांगतो, तसला नव्हे. हे चार जण असतात, गाणी स्वतः लिहितात, चाली स्वतः लावतात, घरचेच कपडे घालून येतात आणि त्यांना फारसं कोणी ओळखत नाही याचा त्यांच्या चाहत्यांना अभिमान असतो. मी त्यातलाच एक. तीन वर्षं गाडीत त्यांचंच ऐकतोय. बायको म्हणते, ही मुलगी गाते की हिला बरं नाहीये? गाणारीचा आवाज तसा आहे खरा. वर जाताना चिरतो, मध्येच त्यातली हवा गेल्यासारखी होते, आणि ती ते लपवायला जात नाही. मला नेमकं तेच आवडतं. आता तुम्ही चष्म्यावरून बघाल, कारण असा आवाज आवडतो असं म्हणायचा ज्या एका माणसाला अधिकार नाही, तो मी.

आठवीतलं गॅदरिंग. आपल्या शाळेची प्रार्थना तुम्हीच लिहिलेली, चालही तुमचीच, आणि रोज सकाळी कट्ट्यावर उभ्या राहून तुम्हीच ती सांगायचात. दमा होता तुम्हाला. 'डोंगरामागून ऊन येई, तसे हळूहळू ज्ञान देई', एवढ्यात तुमचा आवाज दोनदा फाटायचा. मी आईचं पातळ गुंडाळून, नाकावर काच नसलेला चष्मा ठेवून ते हुबेहूब म्हटलं. मुख्याध्यापकांनी तोंडात रुमाल कोंबला होता. परीक्षक तुम्हीच होतात. मला पहिला नंबर दिलात, पेन दिलंत आणि टाळ्याही वाजवल्यात. दुसऱ्या दिवशी वह्यांचा गठ्ठा घेऊन तुमच्या खोलीवर आलो. तुम्ही स्टोव्हला पंप मारताय, मी स्वयंपाकघराच्या दारात उभा, आता बोलणी बसणार या तयारीत. तुम्ही मागे न बघता म्हणता, "नक्कल बरी केलीस रे. पण हळूहळूनंतर लगेच पुढे पळालास. मी थांबते तिथे. दम लागतो म्हणून थांबते. करायची तर नीट करावी." मग माझ्या हातात वाटीभर गूळपोहे दिलेत. रागावण्याचा हा कुठला प्रकार, ते मला कळलं नाही. सोमवारी शाळेत गेलो तर कट्ट्यावर टेपरेकॉर्डर. त्यातून कोणी बायका एका सुरात भलतीच प्रार्थना म्हणत होत्या आणि तुम्ही बाजूला हात जोडून, तोंड मिटून उभ्या होतात. माझी दहावी होईपर्यंत तसंच चाललं. तुम्ही निवृत्त होईपर्यंतही तसंच चाललं, असं नंतर ऐकलं.

थांबायला मात्र मी शिकलो. लोकांना टोचून बोलणं हाच पुढे माझा धंदा झाला: पेपरात सदर, दिवाळी अंकात लेख, गणपतीत एकपात्री. एकपात्रीतला हुकमी एक्का तुम्ही. 'तसे हळूहळू' म्हणायचं, थांबायचं, छाती वरखाली करायची आणि लोकांकडे बघत राहायचं. ज्ञान काही येत नाही. लोक फुटतात. 'ज्ञान देई' त्या हशात बुडतं आणि मी नमस्कार करून उतरतो. कर्जत, खालापूर, पेण, पनवेल, तीस वर्षांत ते एकदाही पडलं नाही. तुमच्या कानावर गेलं होतंच. एकदा खोपोलीच्या बाजारात भेटलात, हातात मेथीच्या जुड्या होत्या, आणि विचारलंत, "थांबतोस ना नीट?" मी म्हटलं, हो बाई. तुम्ही मान हलवलीत आणि कोथिंबीर बघायला लागलात.

तर परवाची जागा म्हणजे एका गृहस्थाची रोपवाटिका. मुंबईतली नोकरी सोडून आलाय. कढीपत्त्याचं रोप विकतो आणि त्याच्याबरोबर निसर्गाशी संवाद कसा साधावा हे फुकट सांगतो. हिरव्या जाळीखाली साठेक माणसं गवतावर बसलेली, सगळी माझ्या निम्म्या वयाची, प्रत्येकाच्या मनगटाला दवाखान्यात बांधतात तसला कागदी पट्टा. कार्यक्रम दुपारी चारचा, कारण संध्याकाळी आवाज केला तर शेजारच्या बंगलेवाल्यांनी विकत घेतलेली शांतता खराब होते. साउंडला बसलेला माणूस ओळखीचा निघाला. आपल्याच वर्गातला, शेवटच्या बाकावरचा. आता खोपोलीत त्याचा मांडव-स्पीकरचा धंदा आहे.

"तू हितं काय करतोस रं?" तो म्हणाला. "ही तर पोरासोरांची गाणी हायत."

"मग तू काय करतोस?"

"माजं पोट हाय. तुजं काय हाय?"

साडेचार झाले तरी गाणं सुरू होईना. गिटारवाला पुण्याहून निघालेला, तो बोरघाटात अडकला होता. रोपवाटिकावाला माझ्याकडे आला. "सर, वीस मिनिटं काढून द्या ना. ते शाळेच्या बाईंचं करा, माझ्या आईला फार आवडतं." गाणारी तिथेच ओट्यावर पाय सोडून गरम पाणी पीत बसलेली. मी तिच्याकडे बघितलं. हिच्यासमोर फाटक्या आवाजाची टिंगल करायची? दुसरं काही करावं, असं मनात आलं. सोसायटीच्या मीटिंगचं होतं, पुढाऱ्याचं होतं. पण समोर साठ अनोळखी पोरं, आणि त्यांतल्या एकानेही माझं सदर वाचलेलं नाही हे तोंडावर दिसत होतं. पडण्याची भीती लाजेला गप्प बसवते, बाई. मी तुम्हालाच काढलं.

डोंगरामागून ऊन येई. कोणी हसत नाही. हरकत नाही, इथे फारसे हसत नाहीतच. तसे हळूहळू. थांबतो. छाती वरखाली करतो. लोकांकडे बघतो. एका मुलीने डोळे मिटलेत. एक जण फोन वर धरून रेकॉर्ड करतोय आणि शेजारच्याला हलू नको म्हणून खुणावतोय. सगळे थांबलेत, पुढचं ऐकायला. जी माणसं तिकीट काढून फाटका आवाज ऐकायला आलीत, त्यांच्यापुढे फाटक्या आवाजाची नक्कल केली तर ती ऐकणारच, हे तीस वर्षांच्या अनुभवी माणसाला आधी सुचायला हवं होतं. शेवटी 'ज्ञान देई' म्हणावं लागलं. ते अगदी तुमच्यासारखं आलं, आणि इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा मला ऐकू आलं. पण त्यापुढे काय? पुढचं मला येत नव्हतं. हशाने मला तिथून पुढे कधी जाऊच दिलं नव्हतं. मग दोन ओळी जागच्या जागी जुळवल्या, तुमच्या आवाजात म्हटल्या आणि उतरलो. टाळ्या पडल्या. गाण्याला पडतात तशा.

मग गिटारवाला आला आणि बँड सुरू झाला. कसा झाला म्हणाल तर चांगला झाला. तिसऱ्या गाण्यात तिचा आवाज रेकॉर्डवर जिथे चिरतो, तिथेच चिरला. ती थांबली, सगळ्यांना दिसेल असा श्वास घेतला आणि पुढे गेली. साठ जणांनी तिला तो घेऊ दिला. आपल्या मैदानावर आम्ही चारशे होतो.

संपल्यावर ती माझ्याकडे आली. "सर, ते पहिलं गाणं कोणाचं?"

"आमच्या शाळेतल्या बाईंचं."

"रेकॉर्डिंग आहे त्यांचं?"

"नाही. त्या जाऊन बावीस वर्षं झाली."

"मग तुम्ही इतकं कसं बसवलंत?"

"रोज ऐकायचो," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं.

"आम्ही घेऊ का ते? शब्द पाठवाल? पूर्ण?"

मी हो म्हटलं आणि साउंडवाल्याकडे गेलो. तो कोपराला वायर गुंडाळत होता. "प्रार्थनेत पुढे काय होतं रे?"

"तितंच संपायची ना?"

"नाही. आणखी एक कडवं होतं."

त्याने वायरचे दोन वेढे घेतले. "मला तर गणपतीत तू थांबायचास तितवरच आठवतंय. फुडं आमी हसायचो." मग म्हणाला, "बाई पन थांबायच्या का रं तितं? का तूच थांबायचास?"

घरी येऊन वर्गातल्या तिघांना फोन केले. शाळेतही जाऊन आलो. जुन्या कागदांचं कपाट कधीच भंगारात गेलंय आणि टेपवरच्या बायकांची प्रार्थनाच शाळेची म्हणून भिंतीवर रंगवलेली आहे. तिघांनाही तुमची प्रार्थना येते. तिघेही 'हळूहळू'पाशी थांबतात आणि हसतात. चारशे पोरांनी रोज सकाळी म्हटलेलं एक अख्खं कडवं माझ्या एका विनोदापायी गेलं, आणि जे उरलं ते माझ्याच घशात आहे. त्यात तुमचं किती आणि माझं किती, हे सांगणारं आता कोणी नाही.

त्या मुलीचे दोन मेसेज येऊन गेले. शब्द मी टाइप करून ठेवलेत, खाली तुमचं नाव घातलंय. शेवटच्या दोन ओळी माझ्या आहेत, हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगेन असं वाटतही नाही.