फॅमिली रूम

बाबा, तुमची फॅमिली रूम मी पाडली. शेगावला स्टेशनजवळच्या आपल्या खानावळीतली ती प्लायवूडची भिंत, तो तेलकट हिरवा पडदा, सगळं गेलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भिंतीला हात लावताना तुम्ही मागून ओरडाल असं वाटत होतं. बाहेर पुरुषांना ट्यूबलाइट आणि पंखे, पडद्याआड बायकांना झिरोचा बल्ब. ताटात गवार आहे की मिरची, हे चावल्यावर कळायचं. दहावीत असताना मी एकदा हॉलमध्येच ताट घेऊन बसले, तर तुम्ही गल्ल्यावरून उठून आलात. "चारचौघात तोंड हालवत बसशीन काय? पडद्यामांगं जाय!" गिऱ्हाइकं हसली. तो घास मला अजून आठवतो. आईला तर पडद्यामागेही खुर्ची नव्हती. सगळ्यांचं झाल्यावर ती भट्टीशेजारी, भिंतीकडे तोंड करून जेवायची.

मग मी हॉटेलं सजवायचंच शिकले. पिवळ्या उजेडात साधं वरणही ताजं दिसतं, दिवा टेबलावर खाली सोडला की माणसं जवळ सरकतात, निवांत जेवतात. परक्यांच्या हॉटेलांत हे करत आले, यंदा आपल्या खानावळीत केलं. हॉल एकच, प्रत्येक टेबलावर एक दिवा, आणि ऐन मधलं टेबल आईचं. उद्घाटनाला तिला नवं लुगडं नेसवून तिथे बसवलं, पहिलं ताट तिलाच वाढलं. ताट निवत चाललंय आणि ती नुसती पदर ओढत बसली आहे.

"जेव ना, आई. काऊन थांबली?"

"मी जेवून राह्यली ते साऱ्याईले दिसून राह्यलं वं. घास उतरत नाही."

असा संताप आला मला, बाबा, तुमचा. प्लायवूड तर मी घणाच्या दोन घावांत पाडलं होतं. तिच्या मनातलं कशानं पाडायचं? शेवटी उठले आणि तिच्या डोक्यावरचा दिवा बंद केला. मग ती जेवली, अंधारात, भाजी पुन्हा मागून, पोटभर.

हे पत्र कुठे जायचं नाही, ठाऊक आहे. तुमचा पत्ता असता तरी पाठवलं नसतं. आई रोज दुपारी तिथे जेवायला येते आणि ती यायच्या आधी तो दिवा मीच बंद करून ठेवते, हे तुम्हाला कळायला नको.